शाळेच्या कुंपणातलं रान

रोपवाटिका शाळेच्या मागे झाली ती काही माझ्या हौसेमुळे नव्हे. गावात शेळ्यांना शिरता येणार नाही अशी ती एकच जागा होती. पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात घरांना कुंपण नसे आणि रानांना तर नसेच, पण शाळेला कुणा जुन्या हेडमास्तरांनी छातीएवढी दगडी भिंत रचून घेतली होती. त्या भिंतीच्या आत मी पहिली ते चौथी असे चार वर्ग एकटी सांभाळत होते. वय चोवीस. माहेर श्रीगोंद्याकडचं, पाटाच्या पाण्यावरचं. दाराबाहेर पाऊल टाकलं की ऊस लागायचा. नेमणूक कुठे झाली हे कळल्यावर वडील एवढंच म्हणाले होते, "दोन वर्षं काढ. मग बदलीचं बघू."

पहिल्याच हिवाळ्यात एकदा शाळा सुटल्यावर एक उंच, वाळका माणूस भिंतीपाशी येऊन उभा राहिला. अंगात विटलेला खाकी सदरा, पायात जाड वहाणा. माझ्याकडे बघताना त्यांनी मान जरा वाकडी केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे समोरचं माणूस दिसावं म्हणून त्यांना असा कोन साधावा लागे. ते जंगलखात्यातून निवृत्त झालेले गार्ड होते. गाव त्यांना गार्डमामा म्हणायचं.

"बाई, शाळंमागं दोन गुंठं पडीक हाय. मला वापराया द्याल का?"

"कशाला हवंय?"

"झाडं करायचीत. डोंगरावर लावाया."

कोणती झाडं, म्हणून मी विचारलं. मनात आंबा, चिंच, फार तर कडुलिंब होता. त्यांनी बोटं मोडत नावं घेतली. हिवर, खैर, अंजन, बोर, मोह. मला हसू आलं. हिवर हे काय मुद्दाम लावायचं झाड झालं? बांधावर आपोआप येतं, काटे टोचतात म्हणून लोक शिव्या घालतात. मी तसं बोलूनही दाखवलं.

"आपोआप यायचं तवा यायचं," ते म्हणाले. "आता बी टाकाया झाडच न्हाई ऱ्हायलं वर. कुठनं येईल आपोआप?"

गावाच्या पूर्वेला तो डोंगर होता. मी आले तेव्हापासून तो मला उघडाच दिसत होता, त्यामुळे तो तसाच असतो असं मी धरून चालले होते. गार्डमामांनी त्या संध्याकाळी भिंतीवर बसून मला सांगितलं की ते नोकरीला लागले तेव्हा त्या डोंगराच्या मागच्या घळीत भर दुपारी दिवा लावावासा वाटायचा. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, घरांना वासे लागले, लग्नांना लाकूड लागलं, आणि चुलीला तर रोजच लागतं.

"तीस वरसं राखायचा पगार घेतला म्या. अन् माझ्या डोळ्यांदेखत समदा गेला. मोळी घेऊन बाई उतरली की म्या तोंड फिरवायचो. तिला अडवून काय करू? घरी लेकरं उपाशी." थोडं थांबून ते म्हणाले, "अडवलं न्हाई ते बरंच केलं. पन मागारी लावलं न्हाई, ते चुकलं."

सरपंचांची परवानगी काढायला आम्ही दोघं गेलो. ते म्हणाले, लावा की, शाळेच्या जागेत कोण येतंय. तालुक्याच्या कचेरीतून गुलमोहर आणि निलगिरीची तयार रोपं मिळतात, ती आणवून देऊ का, असंही त्यांनी विचारलं. गार्डमामा म्हणाले, "डोंगराचं काय लगीन हाय का, फुलं लावाया?" तरी पन्नासेक रोपं आलीच. ती आम्ही एका बाजूला मांडून ठेवली.

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मग माझी शेजारीण यायला लागली. तिची थोरली मुलगी माझ्याकडे दुसरीत होती. नवरा कोयता घेऊन ऊसतोडीला जायचा, दिवाळीनंतर गेला की उन्हाळा लागल्यावरच परतायचा. तिला झाडांचं असं काही प्रेम नव्हतं. ती सरळ सांगायची, "सरपनाला दोन कोस जावं लागतंय बाई. माझी सासू घराच्या मागनं आनायची. मला न्हाई तर माझ्या लेकीला तरी मागनं मिळंल." तिच्या बोलण्यावरून आणखी चार-पाच जणी येऊ लागल्या. दर बाजाराच्या दिवशी अर्धी सुट्टी असे, तेव्हा दुपारी सगळ्या मिळून काम करायच्या. कुणाला काही मिळत नव्हतं. चहा मी करायची, तोही गुळाचा.

प्लास्टिकच्या पिशव्या तेव्हा आमच्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या. मुलांसाठी येणाऱ्या दुधाच्या पावडरीचे डबे शाळेत साठले होते, पाथर्डीच्या हॉटेलांतून डालड्याचे डबे आणले, फुटकी मडकी तर घरोघर होती. गार्डमामांनी प्रत्येक डब्याचा तळ कापायला लावला. डबा म्हणजे नुसती नळी झाली.

"खाली बूड असलं की मूळ गोल फिरतं," ते म्हणाले. "हिवराचं मूळ सरळ खाली जातं. त्याला अडवायचं न्हाई." मात्र तळ नसलेला डबा जमिनीवर ठेवला की मूळ जमिनीतच उतरतं, आणि मग उचलताना तुटतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक डबा वीतभर सरकवायचा. त्यांनी हे मला निदान वीस वेळा सांगितलं असेल.

उन्हाळ्यात एक धनगर बाई मेंढरं घेऊन गावात उतरली. साठीची असेल, आवाज असा की डोंगराला हाक मारावी. गार्डमामांचं आणि तिचं जुनं वैर होतं, कारण ते गार्ड होते आणि तिची मेंढरं होती. शाळेमागे काय चाललंय ते बघायला ती भिंतीवरून डोकावली. गार्डमामा तेव्हा हिवराचं बी गरम पाण्यात टाकत होते. साल कडक असते, पाणी दिलं की सैल होते, असं ते मला समजावत होते.

"शिजवून खाताय व्हय?" तिने वरून विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती पाटीभर मेंढरांच्या लेंड्या घेऊन आली. मेंढरं शेंगा खातात, बी पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि लगेच रुजतं, असं तिचं म्हणणं होतं. गार्डमामांनी नाक मुरडलं. शेवटी एका वाफ्यात त्यांचं बी आणि दुसऱ्यात तिच्या लेंड्या असं ठरलं. मुलं रोज सकाळी प्रार्थनेआधी मागे पळत जाऊन बघायची. सहाव्या दिवशी लेंड्यांच्या वाफ्यात हिरवे ठिपके दिसले. गार्डमामांच्या वाफ्याला आणखी नऊ दिवस लागले. धनगर बाई गाव सोडताना निरोप घ्यायला आली तेव्हा गार्डमामा तिला म्हणाले, "पुढच्या साली आनखी पाटीभर लागंल."

"डोंगर माझ्या मेंढरांनीच खाल्ला म्हनत हुता ना तुमी? घ्या. आता त्यांनीच पेरला." असं म्हणून ती गेली, आणि मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

वर्षभरात भिंतीच्या आत एक बुटकं रान उभं राहिलं. गुडघ्याएवढे हिवर, फुलपाखरासारखी दोन पंखांची पानं असलेले अंजन, तांबूस कोंबांचे मोह. मला तोवर ही झाडं ओळखताही येत नव्हती. गार्डमामा पान बोटांत धरून, न बघता नाव सांगायचे. डोळे इतके गेले होते की रंग कळत नव्हता. "खरखरीत लागलं की बोर. मऊ अन् दुमडतं ते अंजन." माझ्या हातात ती ओळख उतरायला महिने लागले, पण उतरली.

बहात्तरच्या जूनमध्ये रोपं वर न्यायची असं ठरलं होतं. खड्डे खणून झाले होते. पण त्या साली पाऊस आलाच नाही. आधीचं सालही कमीच गेलं होतं. आषाढ गेला, श्रावण गेला, खड्ड्यांत वाऱ्याने धूळ भरली. भादव्याच्या अखेरीला गार्डमामा म्हणाले, "आता पुढल्या सालापत्तुर हितंच जपायची."

त्याच हिवाळ्यात त्यांच्या मुलीने त्यांना बोलावून घेतलं. ती कोपरगावला दिलेली होती. नगरला डोळ्यांचं ऑपरेशन करायचं, एक डोळा झाला की तिच्याकडे राहायचं, मग दुसरा, असा बेत होता. ते जायला तयार नव्हते. मीच मागे लागले. एसटीत बसताना त्यांनी माझ्या हातात शाळेमागच्या फाटकाची किल्ली दिली आणि पुन्हा एकदा बजावलं. "चवथ्या दिवशी वाटीभर पानी. अन् डबं सरकवायचं इसरू नगा."

फाल्गुनापर्यंत गावातली विहीर तळाला गेली. दुष्काळी काम निघालं होतं. रस्त्यासाठी खडी फोडायची. शेजारीण आणि बाकीच्या सगळ्या जणी सकाळी अंधुक असताना निघायच्या आणि दिवेलागणीला धुळीने पांढऱ्या होऊन यायच्या. कामावर सुकडी, म्हणजे पिठा-गुळाचा कोरडा खाऊ, मिळायची. तीच घरी आणून लेकरांना द्यायच्या. त्या साली शेजारणीचा नवराही ऊसतोडीला गेला नाही. कारखान्यांना ऊसच कमी होता. तोही खडीवर होता. रोपवाटिकेत मी एकटी उरले.

दोन दिवसांआड टँकर यायचा आणि विहिरीत पाणी ओतून जायचा. तासाभरात विहीर पुन्हा कोरडी. एकटी म्हणून आणि शाळेची बाई म्हणून मला जरा लवकर भरू द्यायचे. माझ्या वाट्याच्या दोन घागरींतली एक मी शाळेमागच्या पिंपात ओतायची, भांड्यांचं, आंघोळीचं पाणीही त्यात. त्यातून वाटीवाटी रोपांना. मला वाटायचं, हे माझंच पाणी आहे, मी कमी आंघोळ करते, यात कुणाचं काय जातं?

शेजारीण तेव्हा बाळंत झालेली होती. मुलगा. सव्वा महिना झाला आणि ती पुन्हा खडीवर जाऊ लागली होती. बाळ पाटीत, पाटी बाभळीच्या सावलीला. एका संध्याकाळी विहिरीवर तिची घागर अर्धीच भरली. टँकरचं पाणी संपलं होतं. ती पोहरा तीन वेळा टाकून बघत होती, नुसता गाळ येत होता. मी दोन भरलेल्या घागरी घेऊन उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्या झाडांना पुरतंय ना पानी?"

ती टोचून बोलत नव्हती, हे मला आजही पक्कं वाटतं. ती खरंच चौकशी करत होती. रोपं तिचीही होती, माती तिने कालवली होती. मी एक घागर तिच्या पुढ्यात ठेवली आणि घरी आले. मग शाळेमागे गेले. पिंप निम्मं भरलेलं होतं. ते साबणाचं, खरकट्याचं पाणी होतं, पण लुगडी धुवायला, भांडी विसळायला चाललं असतं. दोन फेऱ्यांत ते सगळं मी तिच्या दारातल्या डेऱ्यात रिकामं केलं. ती "असू द्या, असू द्या" म्हणत राहिली. त्या दिवसापासून माझी दुसरी घागर तिच्या घरी जाऊ लागली. रोपांना मी पाणी घातलं नाही. एकदाही नाही.

तो निर्णय मला जड गेला नाही. जड गेलं ते पुढचं.

ऑपरेशन लांबलं होतं. आधी नगरहून, मग कोपरगावहून पोस्टकार्डं येत होती. अक्षर मुलीचं, बोलणं गार्डमामांचं. पहिल्या कार्डात होतं, डोळ्यावर पट्टी आहे, मान हलवू देत नाहीत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्यात, रोपं कशी आहेत? मी लिहिलं, रोपं ठीक आहेत, काळजी करू नये. दुसऱ्या कार्डात विचारलं होतं, मोहाला नवी पानं आली का? मी लिहिलं, येत आहेत. तिसऱ्यात, डबे सरकवता ना? हो, सरकवते. आजारी माणसाला, तेही डोळ्यांच्या आजारात, वाईट बातमी कशी कळवायची, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. खरं तर मला भीती वाटत होती. त्यांनी आयुष्यातली एकच चूक सुधारायला काढली होती आणि ती मी वाळवून टाकली होती.

कारण रोपं वाळली होती. आधी गुलमोहर आणि निलगिरी गेली, पंधरा दिवसांत. मग मोहाची पानं करपली. हिवराने पानं गाळली, अंजनाने गाळली, बोरांच्या काटेरी काड्या उरल्या. चैत्राच्या शेवटी तिथे हिरवं असं काहीच दिसत नव्हतं. शेकडो डब्यांत शेकडो काड्या. मी वर्गाची मागची खिडकी लावून घेतली. मुलांनी विचारलं तर ऊन येतं म्हणून सांगितलं. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली, पण मुलांना सुकडी वाटायचं काम माझ्याकडे आलं म्हणून मी गावातच राहिले. नाहीतर मी श्रीगोंद्याला निघून गेले असते आणि कदाचित परतलेही नसते. बदलीचा अर्ज लिहून ट्रंकेत ठेवला होता.

मे संपता संपता, एका दुपारी, एसटी आली आणि गार्डमामा उतरले. काळ्या जाड काड्यांचा चष्मा, भिंगं अशी की डोळे बशीएवढे दिसायचे. पाऊल जपून टाकत होते. चष्म्यातून जमीन वर आल्यासारखी दिसते, त्यामुळे ठेचकाळायला होतं, असं ते बरोबर उतरलेल्या एकाला सांगत होते. घरी न जाता ते सरळ शाळेकडे आले. मी ओट्यावर सुकडीची पोती मोजून घेत होते. त्यांना पाहून माझे हात थांबले.

"बाई, तुमी अशा दिसता व्हय!" ते मोठ्याने म्हणाले. "म्या तुमास्नी वयानं लई मोठ्या धरलं हुतं."

ते फाटकाकडे निघाले तशी मी वाटेत आडवी उभी राहिले.

"मामा, थांबा. आधी मला सांगू द्या. रोपं गेली. सगळी गेली. मी होळीपासून पाणी घातलेलं नाही. तुम्हाला पत्रात खोटं लिहिलं."

एका दमात बोलले. ते थांबले. त्या मोठ्या भिंगांमागून माझ्याकडे बघत राहिले. एवढं नीट त्यांनी मला कधीच बघितलेलं नव्हतं.

"पानी कुनाला दिलं?"

"शेजारणीला. बाळंतीण होती. खडीवर जात होती."

"पोरगं कसंय?"

"चांगलं आहे. बसायला लागेल आता."

"मंग झालं की," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन खोटं कशापायी लिव्हलं, बाई? म्या तिथं पट्टी बांधून निजलो हुतो. मनात रोज एकेका डब्याशी जाऊन बसायचो. खरं कळवलं असतं तर तेवढी येरझार वाचली असती." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मी किल्ली दिली. आम्ही आत गेलो. ते रांगेच्या टोकाशी उकिडवे बसले. चष्म्याने अंदाज चुकत होता म्हणून त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि नेहमीसारखे हातांनी बघायला लागले. पहिला डबा मोहाचा होता. काडी चिमटीत धरली, मोडली, टाकून दिली. दुसरा मोह, तोही गेला. मी भिंतीला टेकून उभी होते. मग हिवर आला. त्यांनी काडी मोडली नाही. अंगठ्याच्या नखाने बुंध्याशी जरासं खरवडलं.

"हिकडं या."

मी गेले.

"हे कसं दिसतंय, सांगा. माझा डोळा अजून नवा हाय."

वाळक्या तपकिरी सालीखाली नखाएवढी हिरवी रेघ होती. ओली, ताजी हिरवी. कोवळ्या काकडीची असते तशी.

त्यांनी पुढचा हिवर खरवडला, हिरवा. त्याच्या पुढचा, हिरवा. अंजन, हिरवं. एक मेलेलं निघालं, मग पुन्हा दोन जिवंत. "उन्हाळ्यात ही झाडं अंगावरचं समदं टाकून देत्यात," ते म्हणाले. "वरनं मेल्याचं सोंग. तीन-तीन साल असं करत्यात. म्या सांगितलं न्हाई व्हय तुमास्नी?"

त्यांनी ते सांगितलंच नव्हतं. डबे सरकवायचं वीस वेळा सांगितलं आणि हे एकदाही नाही.

तेवढ्यात ते एक डबा उचलायला गेले आणि तो हलेना. दुसरा ओढला, तोही घट्ट. त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं.

"डबं सरकवलं न्हाईत तुमी."

"नाही सरकवले," मी म्हटलं. "आधी एकटीने होईना, मग बघवत नव्हतं म्हणून इकडे यायचंच सोडलं."

खुरपं आणून त्यांनी एका डब्याभोवतीची जमीन उकरली. वर धुळीसारखी माती, खाली मुरूम. हातभर खाली गेले तरी मूळ संपेना. बोटाएवढं जाड, सरळ, पांढरट मूळ खाली निघालं होतं. त्यांनी तळाचा मुरूम मुठीत घेतला आणि माझ्या हातावर ठेवला. गार लागला. त्या साली गावात हाताला गार लागेल असं काहीही नव्हतं.

मग ते हसायला लागले. हसता हसता बूड टेकून खाली बसले. "सरकवली असती तर मुळं वरच ऱ्हायली असती अन् समदी मेली असती. माझं ऐकलं न्हाई म्हनून वाचली बघा!"

मीही तिथेच डब्यांच्या मध्ये बसले आणि रडले. त्यांनी मला रडू दिलं. तीन महिने छातीवर काहीतरी दाबून ठेवल्यासारखं होतं, श्वास अर्धाच जायचा, आणि मला वाटायचं की तो धुळीमुळे. त्या दुपारी तो पूर्ण आत गेला.

संध्याकाळी शेजारीण खडीवरून आली तशी मी तिला हाताला धरून मागे नेलं. तिच्या कडेवर बाळ होतं. मी एक काडी खरवडून दाखवली. तिने वाकून बघितलं, बोट लावलं, मग बोट जिभेला लावलं.

"बाई," मग ती म्हणाली, "म्या तुमच्या घागरीतनं पानी घेताना रोज मनात म्हनायची, ह्या पोरानं डोंगर पिला. त्याला पाजताना नजर खाली जायची माझी."

मला हे ठाऊकच नव्हतं. ती रोज माझ्या दारावरून जायची, मी रोज तिला घागर द्यायची, आणि दोघी आपापलं मनात ठेवून गप्प होतो. मी बाळाला तिच्याकडून घेतलं. ते माझ्या गळ्यातल्या माळेशी खेळत होतं, आणि मला माळ तुटेल याचीही काळजी वाटत नव्हती.

सगळंच काही वाचलं नव्हतं. मोह एकही राहिला नाही, खैर निम्मे गेले. हिवर आणि बोर बहुतेक जगले, अंजन बरेचसे. पुढे पाऊसकाळ लागला आणि जमीन वीतभर ओली झाली तेव्हा रोपं काढायचं खरं काम सुरू झालं. इतकी खोल मुळं जशीच्या तशी काढणं शक्य नव्हतं. गार्डमामांनी सांगितलं, हातभर खणा, तिथे धारदार विळ्याने एका घावात तोडा, वरची काडीही वीतभर ठेवून छाटा, आणि ओल्या पोत्यात गुंडाळा. मला ते तोडताना धीर होत नव्हता. शेजारीण मात्र खट्‌कन तोडायची. "मेलं न्हाई ते आता कशानं मरतंय," म्हणायची. काही त्यानेही मेली. पण फार नाही.

डोंगरावर सगळं मिळून चौदा-पंधरा माणसं होती. आदल्या वर्षीच्या खड्ड्यांतली धूळ आता चिखल झाली होती. बायका रोपं लावत होत्या, पुरुष खड्ड्याभोवती दगडांची आळी रचत होते, म्हणजे वाहतं पाणी थबकेल. शेजारणीचा नवरा काट्याच्या फांद्या आणून प्रत्येक रोपाभोवती रोवत होता. गार्डमामा एका खडकावर बसून कुठे काय लावायचं ते सांगत होते. घळीत अंजन, कडेला बोर, उघड्यावर हिवर. चष्मा लावून ते दूरचं बघत होते आणि काढून, हातांनी, जवळचं. दुपारी तिथेच भाकऱ्या सोडल्या. कुणीतरी ठेचा आणला होता, कुणी कांदे. जेवून झाल्यावर गार्डमामा खडकाला टेकले आणि तोंड उघडं टाकून झोपले. त्यांना उठवायचं नाही असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं.

मी डोंगरावरून खाली बघत बसले. शाळेमागची जागा तिथून दिसत होती. आता तिथे नुसती भोकं होती. ट्रंकेतल्या अर्जाची मला तेव्हा आठवण झाली, आणि तो पाठवायची घाई नाही असं वाटलं. तो मी पुढे आणखी सात वर्षं पाठवला नाही.

उतरताना गार्डमामांचा पाय सारखा चुकत होता. चष्म्यातून दगड जवळ दिसायचे आणि पाऊल हवेत पडायचं. मी त्यांचा दंड धरला. दोन-तीनदा आम्ही दोघंही घसरलो. शेवटी त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "तुमी घाला न्हाईतर खिशात टाका. ह्या डोंगरावर मला हेच्याशिवायच नीट चालता येतं." मी तो रुमालात गुंडाळून कमरेला खोचला, आणि आम्ही सावकाश खाली आलो.